सहाव्या हिश्शाने हळू

अनुग्रहा साळवेचं आंतरदेशीय आलं तेव्हा मी वाचनालयात जुन्या मासिकांना पुठ्ठे चढवत होतो. बोटांना खळ होती. तशाच हातांनी ते उघडलं, त्यामुळे त्याची एक कड आजही कडक आहे आणि तिथली दोन अक्षरं वाचता येत नाहीत. ऑक्टोबर १९८७ ची गोष्ट. पत्रात तिने मला एक प्रश्न विचारला होता आणि शेवटी लिहिलं होतं, 'सर, दिवाळीपर्यंत कळवा. तुमचं उत्तर आल्याशिवाय आम्ही काही ठरवणार नाही.'

मी कळवलं नाही. त्या दिवाळीपर्यंत नाही, आणि नंतरच्या सदतीस दिवाळ्यांतही नाही.

प्रश्न अवघड नव्हता, एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण ती ओळ लिहायची तर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली पुण्यातली एक दुपार जशी घडली तशी मांडावी लागली असती. ती आज मांडतो आहे. एखादा तपशील चुकला असेल तर तो वयाचा दोष समजावा. मुख्य गोष्टीत चूक नाही.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा, एकटा, नगरच्या एका सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल. समोरच्याशी बोलताना माझी नजर त्याच्या खांद्यावर असायची. माझ्याकडे ऐट करण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. मिशनचे एक अमेरिकन डॉक्टर १९७९ साली मायदेशी परत निघाले आणि त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. मी पुस्तकं बघायला गेलो आणि रेकॉर्ड प्लेअर, एकतीस रेकॉर्ड्स आणि दोन विटांएवढा एक ट्रान्स्फॉर्मर टांग्यात घालून घेऊन आलो. यंत्र तिकडच्या एकशेपंधरा व्होल्टवर चालणारं, म्हणून तो ट्रान्स्फॉर्मर. डॉक्टरांनी त्या एकतीस रेकॉर्ड्स बोटीने तिकडून आणल्या होत्या, पण इथे आल्यावर त्यांना ऐकायला वेळ मिळाला नव्हता. बहुतेक रॉकच्या होत्या. मी आठ वर्षं त्या ऐकल्या, दार लावून, आवाज बारीक ठेवून.

वाचनालयात त्या विषयावर चार इंग्रजी पुस्तकं होती. त्यांत लिहिलेलं असायचं की हे तरुणांचं, बेभान, उसळतं संगीत आहे. मला ते कधी उसळतं वाटलं नाही. मला ते उसाची भरलेली गाडी चढ चढते आहे तसं वाटायचं. वाटलं, दोष आपल्या कानाचा. एकदा रेडिओवर त्यांतलंच एक गाणं लागलं तर ते भराभर पळत होतं. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की रेडिओवाल्यांना पुढे बातम्या द्यायच्या असतात, म्हणून ते गाणी पळवतात.

वाचनालयाचं एक भित्तिपत्रक होतं. लिहायला कुणी नसे म्हणून १९८६ च्या जुलैत मी धीर करून त्यात एक लेख लावला. मथळा, 'रॉक संगीत मरते आहे काय?' त्यात मी असं मांडलं होतं की या संगीताची मूळ चालच अंत्ययात्रेची आहे. ते जड पावलांचं, शोकाचं संगीत आहे, आणि जे जन्मतःच खांद्यावर तिरडी घेऊन निघालं त्याचं आयुष्य फार असणार नाही. खाली सही 'य. रा. का.'

चौथ्या दिवशी एक मुलगी टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"हे य. रा. का. कोण?" तिने विचारलं.

मी तिच्या खांद्याकडे बघितलं. तिथे गिटारच्या पिशवीचा पट्टा होता. मी म्हणालो, "ते आज आलेले नाहीत."

मागे पेपर चाळत बसलेला शिपाई म्हणाला, "अहो कानडेसर, तुम्हीच की ते."

ती हसली नाही, हे मी तिचे उपकार मानतो. म्हणाली, "सर, रॉक मरतंय असं लिहिलंय तुम्ही. आम्ही तर परवाच सुरू केलंय."

ती अनुग्रहा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील सिलास साळवे मिशनच्या शाळेत मास्तर, रविवारी चर्चमध्ये गायनमंडळ बसवायचे आणि मंडळीच्या पंचांपैकी एक होते. गायनमंडळासाठी चर्चने दोन गिटारी आणि एक ड्रम घेतला होता. रविवारी त्यावर भजनं व्हायची आणि आठवड्यातले इतर दिवस ही मुलगी, तिचा चुलतभाऊ नथानिएल आणि प्रभुदास ओहोळ नावाचा एक अबोल मुलगा त्यावर आणखी काही वाजवायचे. त्यांना गाणी हवी होती. नगरमध्ये इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी मिळत नव्हत्या. लेख वाचून तिला एवढंच कळलं होतं की हा जो कोण मरण जाहीर करतो आहे, त्याच्याकडे रेकॉर्ड्स आहेत.

पुढचे सात महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गजबजलेले महिने होते. दर रविवारी उपासना संपली की तिघं माझ्या खोलीवर यायचे. मी त्यांना रेकॉर्ड लावून द्यायचो आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरून द्यायचो. नथूकडे घरी ड्रम नव्हता. तो शब्दकोशाचे खंड पुढ्यात मांडून पेन्सिलींनी वाजवायचा, आणि कोणता खंड कसा वाजतो हे त्याने आठवडाभरात ठरवून टाकलं. तो आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकत होता. प्रभुदास कोपऱ्यात बसून गिटारच्या जाड तारा ऐकायचा आणि मान हलवायचा. अनुग्रहा गायची. चर्चमध्ये ती खालच्या पट्टीतला दुसरा सूर धरणारी. तिचा आवाज तळघरातून आल्यासारखा होता, आणि त्या रेकॉर्ड्सवरच्या पुरुषी, जड आवाजांशी तो असा बसायचा की मी चहा करता करता स्टोव्हजवळ तसाच थांबायचो. मी त्यांना शब्दांचे अर्थ सांगायचो, कोणत्या बँडचा इतिहास काय ते सांगायचो. ते माझं ऐकायचे. मला सवय नव्हती त्याची.

जानेवारीत पंचांच्या बैठकीत तक्रार आली की चर्चच्या गिटारींवर भलतंसलतं वाजवलं जातं. साळवेमास्तरांनी मुलीची बाजू घेतली नाही आणि टाकूनही दिली नाही. त्यांनी एक तोड काढली. पुण्यात एका कॉलेजात फेब्रुवारीत रॉक बँडची स्पर्धा होती. मुलांनी तिथे जावं. पहिल्या तिघांत नंबर आला तर वाद्यं त्यांना बाहेर वापरता येतील. नाही आला तर वाद्यं कपाटात, रविवारपुरती बाहेर, किल्ली मास्तरांकडे. मास्तर स्वतः सोबत जाणार होते. स्वतःची गिटार घेण्याची त्या घरात कुणाची ऐपत नव्हती. म्हणजे बँड राहणार की नाही, ते त्या एका दुपारी ठरणार होतं.

"तुम्हीपण चला सर," अनुग्रहा म्हणाली. "काही चुकलं तर तुम्हाला कळेल."

सकाळच्या एस.टी.ने निघालो. ड्रम टपावर बांधला होता. मास्तर काळा कोट घालून माझ्या शेजारी बसले आणि पुण्यापर्यंत त्यांनी मला तीन वाक्यांपलीकडे काही विचारलं नाही. त्यांतलं एक, मी लग्न का केलं नाही, हे होतं.

कॉलेजचं सभागृह मोठं होतं, वर लाकडी गॅलरी. सातआठशे पोरं असावीत. चौदा बँड होते, प्रत्येकाने एक गाणं वाजवायचं, आमचा नंबर नववा. मी सवयीप्रमाणे दारावर लावलेला नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचला. शंभर गुण, त्यांतले चाळीस 'मूळ ध्वनिमुद्रणाशी प्रामाणिकपणा' यासाठी. मी मुलांना हे सांगितलं तर ती खूश झाली, कारण त्यांनी ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली होती. गाणं एका इंग्रज बँडचं होतं, समुद्रातल्या दीपगृहावर. त्या वर्षी ते सगळ्यांच्या डोक्यात होतं. चौदांपैकी चार बँड तेच वाजवणार होते, आमच्यासकट.

तिसऱ्या नंबरला पहिल्यांदा ते आलं. आम्ही पडद्यामागच्या बोळात उभे होतो. पहिले चार ठोके पडले आणि अनुग्रहाने माझ्याकडे बघितलं. गाणं सुटलेल्या घोड्यासारखं पळत होतं, आणि गायक इतका वरून गात होता की त्याच्या मानेच्या शिरा आम्हाला मागून दिसत होत्या.

"घाबरलेत," ती म्हणाली. "पळवतायत."

मी मान हलवली. मलाही तसंच वाटलं.

पाचव्या नंबरला पुन्हा तेच गाणं. तोच वेग, तोच वरचा सूर. पोरं नाचत होती. प्रभुदास पुटपुटला की हेपण घाबरलेत वाटतं. यावेळी मी मान हलवली नाही.

सहाव्या नंबरचा बँड पुण्यातला नावाजलेला होता. त्यांनी ते गाणं असं वाजवलं की एक तार इकडची तिकडे नाही. रेकॉर्डवर दुसऱ्या कडव्याच्या आधी तो मूळ गायक बारीकसा खोकतो. या पठ्ठ्याने तो खोकलासुद्धा जागच्या जागी काढला, आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

तो खोकला मी हजार वेळा ऐकला होता. माझ्या खोलीत तो साठीतल्या, छातीचा विकार असलेल्या माणसाचा खोकला होता. इथे तो विशीतल्या पोराचा होता.

मला ट्रान्स्फॉर्मर आठवला, आणि यंत्राच्या पाठीवरची पितळी पट्टी. मी सगळं छापलेलं वाचतो, तीही वाचली होती. एकशेपंधरा व्होल्ट, साठ सायकल. व्होल्टचं मला कळलं होतं, म्हणून मी ट्रान्स्फॉर्मर जपून आणला. साठ सायकलचं कळलं नव्हतं, आणि विचारायचं कुणाला म्हणून विचारलंही नव्हतं.

नथू बोळात खाली बसून काठ्यांना चिकटपट्टी गुंडाळत होता. मी त्याच्याशेजारी उकिडवा बसलो.

"नथू, एखाद्या मोटरवर साठ सायकल लिहिलेलं असलं तर?"

"परदेशी असंल. आपल्याकडं वीज सेकंदाला पन्नास सायकलची."

"मग ती इथे चालत नाही?"

"चालती की. हळू चालती."

"किती हळू?"

त्याने काठी गुडघ्यावर टेकवली. "साठातले दहा गेले. म्हणजे सहावा हिस्सा हळू." मग त्याचा हात थांबला. स्टेजवर सातवा बँड चढत होता. "कंची मोटर, सर?"

त्याने माझं तोंड वाचलं. तो पोरगा एकोणीस वर्षांचा होता, पण त्या क्षणी तो मला माझ्यापेक्षा थोर वाटला, कारण तो ओरडला नाही. त्याने मनात हिशेब केला आणि म्हणाला, "सूरपण उतरला असंल. पेटीवर तीन पट्ट्या." मग म्हणाला, "दोन बँड आहेत अजून. पंधरा मिनिटं. मी वेग वाढवू शकतो. पण तीन पट्ट्या वर ताईचा आवाज जातो का नाही, ते तिनं ठरवायचं. तिला सांगा, सर."

"तू सांग."

"मी नाही. यंत्र तुमचं."

बरोबर होतं त्याचं. मी उठलो. अनुग्रहा बोळाच्या टोकाला पडद्याच्या फटीतून बघत होती. फटीतून तिचे वडील दिसत होते, चौथ्या रांगेत, कोटाची सगळी बटणं लावलेली, दोन्ही हात मांडीवर. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. पहिलं वाक्य मी बोळातून चालता चालता तयार केलं होतं. 'अनुग्रहा, माझ्या यंत्रात एक दोष आहे.' व्यवस्थित वाक्य होतं.

ती माझ्याकडे न वळताच म्हणाली, "सर, तीन बँडनी तसं वाजवलं. आपलं बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "बरोबर आहे."

"मग ते?"

"ते पळवतायत."

तिने श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. मी वळलो, तर नथू भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता.

आठवा बँड कसा वाजला ते मला आठवत नाही. मग निवेदकाने 'अहमदनगर' म्हटल्यावर गॅलरीतून कुणीतरी बकरीसारखा आवाज काढला, आणि तिघं स्टेजवर गेले. मी पडद्याच्या दोरीला धरून उभा राहिलो.

नथूने चार ठोके दिले. आमचे चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या मधे माणूस खिशातून रुमाल काढून परत ठेवील एवढी जागा. प्रभुदासने खालची तार सोडली. सभागृह दोन क्षण गोंधळलं, आणि मग हसू फुटलं.

"सेल संपले रे," गॅलरीतून एकजण ओरडला.

"ए, कुणीतरी सेल बदला त्यांचे."

टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं असं ओढत जातं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. हसू रांगांरांगांतून पसरत गेलं. चौथ्या रांगेत मास्तर तसेच बसलेले. मला वाटलं, आता नथू वेग वाढवील. त्याला कारण माहीत होतं, हात त्याचे होते, आणि अब्रू वाचवायची तर तोच वाचवू शकत होता. त्याने मान वळवून पडद्याकडे, माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पुढे बघितलं आणि पुढचा ठोका आधीच्यापेक्षा केसभर उशिरा टाकला.

आणि अनुग्रहा गायला लागली.

तिने सूर खालून उचलला. तीन जणांनी ज्या ओळी शिरा ताणून फेकल्या होत्या त्या तिने एकेक करून जमिनीवर ठेवल्या. मला इंग्रजी शब्दांचा अर्थ माहीत होता, मीच तिला सांगितला होता, तरी त्या दिवशी पहिल्यांदा मला ते दीपगृह दिसलं, फिरणारा झोत, आणि मधला अंधार. हसू थांबलं नाही, पण त्याला भोकं पडायला लागली. एक रांग गप्प झाली. मग तिच्यामागची. कडवं संपलं तेव्हा गॅलरीतला तो बकरीवाला पुन्हा काहीतरी ओरडला आणि शेजारच्याने त्याच्या डोक्यावर टपली मारली. ती मला दिसली.

दुसऱ्या कडव्याच्या आधी, जिथे तो पुण्याचा गायक खोकला होता, तिथे तिने काहीच केलं नाही. नथूनेही नाही. सातआठशे पोरं आणि पूर्ण शांतता. एक ठोका, दोन ठोके एवढा वेळ गेला असेल. मग गॅलरीत कुणीतरी रिकाम्या जागेत पाय आपटला.

धप्.

नथूने तो ऐकला. पुढचा ठोका त्याने त्या पायावर टाकला. पुन्हा जागा आली, आणि यावेळी दहा पाय पडले. मग पन्नास. मला तिथे उभ्याउभ्या कळलं की मूळ गाण्यावर हे होऊ शकत नाही. त्यावर नाचता येतं, टाळ्या देता येतात, पण अख्खा पाय उचलून आपटायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा त्या गाण्यात नाही. आमच्यात होता. सहावा हिस्सा होता.

गॅलरीचं लाकूड वाजायला लागलं. खालची पोरं उभी राहिली. पडद्याच्या घड्यांतून वर्षानुवर्षांची धूळ सुटून माझ्या डोक्यावर पडली, आणि दोरी हातात थरथरत होती. प्रभुदास, जो कधी वर बघत नसे, त्याने वर बघितलं आणि हसला. अनुग्रहाने डोळे मिटले होते. शेवटची ओळ रेकॉर्डवर दोनदा आहे. तिने ती दोनदा म्हटली तर पोरांनी तिसऱ्यांदा मागितली, तिसऱ्यांदा म्हटली तर चौथ्यांदा, आणि ठोका आता नथूच्या हातात राहिलाच नव्हता, तो आठशे पायांचा होता. कुठेतरी अगदी जवळ कुणीतरी जोरजोरात पाय आपटत होतं. मी खाली बघितलं. माझाच होता. चपलेचा अंगठा तुटला होता.

नंबर आला नाही.

मुख्य परीक्षकांनी निकाल देताना आमच्या बँडचा मुद्दाम उल्लेख केला. म्हणाले, प्रामाणिकपणाच्या चाळीस गुणांपैकी शून्य देताना वाईट वाटलं, पण नियम तो नियम. लोक विचारतात की रॉक का मरतंय. मूळ गोष्ट नीट न शिकता वाजवतात, म्हणून मरतं. पोरांनी एवढा गलका केला की पुढचं ऐकू आलं नाही. पहिला नंबर खोकणाऱ्यांना मिळाला.

परतीच्या एस.टी.त मास्तर पुन्हा माझ्या शेजारी. यवतपर्यंत बोलले नाहीत, असं लिहिणार होतो, पण यवत सोलापूर रस्त्यावर आहे, नगरच्या नाही. शिक्रापूर असावं. तिथे ते म्हणाले, "कानडे, मला ते संगीत कळत नाही. पण माझ्या पोरीसाठी लोक उभे राहिले. खरं ना?"

"खरं."

"मग नंबर का नाही?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "परीक्षकांचं मत."

"शब्द दिलाय पंचांना," ते म्हणाले. "वाद्यं कपाटात जातील."

पुढच्या सीटवर अनुग्रहा बसली होती. ती वळली नाही. वाद्यं कपाटात गेली. पुढच्या रविवारी तिघं माझ्याकडे आले तेव्हा मी दाराआडून सांगितलं की ताप आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही सांगितलं. तिसऱ्या रविवारी ते आले नाहीत.

आणि ऑक्टोबरात ते पत्र. तिला तेव्हा राहुरीला शाळेत नोकरी लागली होती. तिने लिहिलं होतं की पप्पांनी स्वतः पंचांकडे अर्ज केला, नंबर आला नाही हे त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि तरी वाद्यं द्यावीत अशी विनंती केली. पंचांनी दिली. पुढे होतं, 'नथूने मला परवा सगळं सांगितलं. तुम्हाला आमच्या आधी कळलं होतं. मी विचारल्यावर तुम्ही "बरोबर आहे" म्हणालात, ते आमच्यावर विश्वास होता म्हणून, की सांगायची भीती वाटली म्हणून? विश्वास असेल तर आम्ही असंच हळू वाजवू, नंबर येवो न येवो. भीती असेल तर नथू तुमच्या यंत्राची पुली बदलून वेग बरोबर करून देईल म्हणतो, आणि आम्ही सगळं पहिल्यापासून बरोबर शिकू.'

विश्वास लिहावं तर ते खोटं. भीती लिहावं तर ते जे वाजवत होते ते माझ्या एका शब्दाने संपणार. मी चार कोरी आंतरदेशीय आणली. चारही कोरी राहिली.

मागच्या महिन्यात औषधांच्या दुकानात एका जाड्या, टकल्या माणसाने माझ्या पाठीवर हात ठेवला. नथू. त्याचीही रक्तदाबाची गोळी मी घेतो तीच आहे. त्याने मला बाहेर ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझं उत्तर आलं नाही तेव्हा अनुग्रहा म्हणाली होती की आता आपलं आपणच ठरवायचं. त्यांनी इंग्रजी गाणी सोडली आणि स्वतःची मराठी गाणी केली, त्याच चालीने, त्याच जागा सोडून. बारा वर्षं वाजवली, कॉलेजांत, कारखान्यांच्या स्नेहसंमेलनांत, नाताळात. कॅसेट निघाली नाही, नाव झालं नाही. पण जिथे जातील तिथे लोक पाय आपटायचे. प्रभुदास वारल्यावर बंद केलं.

मी विचारलं, आता पोरं असलं काही ऐकतात का.

"माझी मुलगी म्हणती रॉक मेलं," नथू म्हणाला. "असं म्हणती आणि रोज दोन तास वाजवती. शेजारी येऊन भांडतात. मेलेल्यासाठी कुणी भांडतं का, सर?" मग म्हणाला, "येत्या नाताळात पुन्हा उभे राहणार आहोत आम्ही. ताई, मी, आणि प्रभुदासच्या जागी ही माझी पोरगी. पण आमच्यात भांडण आहे. पोरगी म्हणती, लोकांना आता एवढा दम नाही, वेग वाढवा. ताईचं ठरत नाही. परवा मला विचारत होती, सरांचं काही आलं का."

"अजून?"

"अजून. फोन लावून देऊ?"

मी म्हणालो, फोनवर मला जमणार नाही.

"मग लिहा. पोस्ट अजून चालू आहे," नथू म्हणाला, आणि औषधाच्या पावतीमागे तिचा पत्ता लिहून दिला.

मी तीन दिवस लिहिलं आणि फाडलं. चौथ्या दिवशी जे लिहिलं ते असं:

'प्रिय अनुग्रहा, भीतीने. पूर्णपणे भीतीने. पण तू दोनच पर्याय दिले होतेस, तिसरा मी लिहितो. त्या दिवशी ते गाणं मी खऱ्या वेगात तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा मला ते आवडलं नाही. तुमचं त्याहून चांगलं होतं. हे मला नथूला विचारायच्या आधीच, त्या बोळात उभ्याउभ्या वाटलं होतं. पण तसं म्हणायचं तर ती चार पुस्तकं, परीक्षक, सगळं पुणं आणि खुद्द ते गाणं करणारा माणूस यांच्याविरुद्ध एकट्या माझ्या कानावर भरवसा ठेवावा लागला असता. तुला खरं सांगण्यापेक्षा मला त्याची भीती जास्त वाटली. आता मी एकोणऐंशीचा आहे आणि एका कानाने कमी ऐकू येतं. तरी सांगतो, वेग वाढवू नका. यशवंत कानडे.'

पाकिटावर पिनकोड दोनदा तपासला. पोस्टाच्या पेटीवर डाक काढायची वेळ साडेतीन लिहिलेली होती. मी तीनला पत्र टाकलं आणि तिथेच पायरीवर बसून राहिलो, कारण माझा स्वभाव मला माहीत आहे. घरी गेलो असतो तर विचार बदलून परत यायला आणि पेटी उघडणाऱ्या माणसाला गाठून पत्र परत मागायला मला अर्धा तास पुरेसा होता. चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना तो आला. त्याने पेटी उघडली, पत्रं पिशवीत ओतली, पिशवी मोटरसायकलला अडकवली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, काही राहिलं का टाकायचं?"

"नाही," मी म्हणालो. "टाकलं."